मदत हवी आहे: अंगठ्याच्या ऑपरेशननंतर सूज उतरत नाही, बूट कधी घालता येईल?

वाटसरू_७
पायाच्या अंगठ्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालंय. सांगितलं ते सगळं करतोय. गोळ्या संपल्या, टाके निघाले, तरी सूज हटायला तयार नाही. सकाळी पाय बरा दिसतो, संध्याकाळपर्यंत टम्म. खुर्चीत बसून पाय खाली सोडला की जांभळट पडतो आणि ठसठसतो. नेहमीचा बूट चढवून पाहिला, अर्धासुद्धा आत गेला नाही. घरून काम करायची सवलत संपत आलीय. प्रश्न तीनच: सूज किती दिवस राहते, बूट कधी चढतो, गाडी कधी चालवता येते? ज्यांनी स्वतः हे भोगलंय त्यांनी लिहा. 'डॉक्टरांना विचारा' हे मलाही सुचलंय, पण पुढची तारीख लांब आहे.

टाचणी
कुठलं ऑपरेशन?

वाटसरू_७
वर लिहिलंय की. अंगठ्याच्या सांध्याचं.

टाचणी
अहो, त्या एका सांध्यावर चार-पाच तऱ्हेची ऑपरेशनं होतात. अंगठा बाजूला कललेला असेल तर हाड कापून सरळ करतात. सांध्याच्या वरच्या बाजूला वाढलेलं हाड तासून काढतात. सांधा पार झिजला असेल तर दोन हाडं कायमची जोडून टाकतात. क्वचित कृत्रिम सांधा बसवतात. प्रत्येकाचं पुढचं वेळापत्रक वेगळं असतं. किती आठवडे झाले? डावा की उजवा? आत प्लेट, स्क्रू, तार काही आहे? मधुमेह? सिगारेट?

जुना_खेळाडू
घाबरू नका राव, माझंही झालंय. एकच गुरुमंत्र: अंगठा हलवा! मला तर पट्टी सुटायच्या आधीच डॉक्टरांनी हलवायला लावला. हाताने धरायचा, वर ओढायचा, मोजून दहा अंक थांबायचं, मग खाली. दिवसातून चार-पाच वेळा. दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, पण तेव्हा लाड केले असते तर सांधा आखडला असता आणि ऑपरेशन पाण्यात गेलं असतं. सूजही हालचालीनेच उतरते. लोक पाय उशीवर ठेवून संस्थानिकांसारखे पडून राहतात आणि मग रडत बसतात.

गोगलगाय
जुना_खेळाडू, कृपा करून असले सल्ले सरसकट देऊ नका. माझा सांधा जोडलाय. मला सहा आठवडे अंगठा हलवायलाच काय, चवड्यावर वजन टाकायलाही बंदी होती. फक्त टाचेवर चालायचं. जोडलेल्या सांध्यावर कुणी तुमचा गुरुमंत्र चालवला तर आतलं हाड जुळणारच नाही.

जुना_खेळाडू
मी माझा अनुभव लिहिला. धागाकर्त्याने अनुभवच मागितलेत. आणि आजकाल सगळीकडे लवकर हालचाल करा हेच सांगतात, जुना काळ गेला.

गोगलगाय
तुमचं हाड तासलं असणार. म्हणजे सांधा मोकळा करण्यासाठीच ऑपरेशन, त्यामुळे तो हलवायलाच हवा. माझा सांधा बंद करण्यासाठी ऑपरेशन. इथे काळाचा काय संबंध?

वटवट्या
दोघांनी भांडून झालं असेल तर एक विचारतो. युरिक अ‍ॅसिड तपासलं होतं का ऑपरेशनआधी? अंगठ्याचा सांधा म्हटला की पहिला संशय गाउटवर, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या संधिवातावर. माझ्या साडूंचा अंगठा असाच लाल व्हायचा, गोळ्यांनी बरा झाला. हल्ली उठसूट सुरी लावतात. बुटात ताठ तळवा घातला तर अर्ध्या लोकांना ऑपरेशन लागतच नाही.

वाटसरू_७
ऑपरेशन झालंय. आता तपासून काय करू?

टाचणी, डावा पाय. चार आठवडे होत आले. मधुमेह नाही. सिगारेट कमी केलीय. आत काय घातलंय ते आठवत नाही, एक्स-रेमध्ये काहीतरी चमकत होतं. जुना_खेळाडू, तुमचा व्यायाम आज सकाळी करून पाहिला. अंगठा जागचा हलत नाही आणि दुखलं बरंच. जोर वाढवू का? आणखी एक, अंगठा जरा वर उचलल्यासारखा दिसतोय, उभं राहिलं की टोक जमिनीला टेकत नाही. खाली दाबून सरळ करायचा असतो का?

सुईदोरा
थांबा. दाबू नका, ओढू नका, काहीच करू नका. मी बरीच वर्षं अस्थिरोगाच्या वॉर्डात काम केलंय. आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर ऑपरेशनचं नाव काय आहे ते जसंच्या तसं इथे लिहा. बाकी सगळं नंतर.

मेघमल्हार
सुईदोराताई, +१.

कार्ड सापडेपर्यंत माझ्याकडून एक: क जीवनसत्त्व सुरू करा. ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस. ऑपरेशननंतर काही जणांचा पाय विनाकारण आग करत राहतो, हात लावू देत नाही, ते त्याने टळतं. मी घेतलं, मला काही झालं नाही.

टाचणी
तो डोस मनगटाच्या फ्रॅक्चरवरच्या अभ्यासांतून आलाय आणि पुढच्या अभ्यासांत सगळ्यांना तोच निकाल मिळालेला नाही. पायाच्या ऑपरेशननंतर काही सर्जन देतात, काही देत नाहीत. शिवाय 'मी घेतलं आणि मला झालं नाही' हा पुरावा कसा? मी घेतलं नाही, मलाही झालं नाही.

मेघमल्हार
घेऊन तोटा काय? एवढंच विचारते.

टाचणी
मुतखड्याचा त्रास असणाऱ्याला विचारा.

वाटसरू_७
सापडलं. 'लेफ्ट फर्स्ट एमटीपी आर्थ्रोडेसिस विथ प्लेट अँड स्क्रूज.' खाली हाताने काहीतरी खरडलंय, 'हील डब्ल्यूबी' असं वाटतं.

गोगलगाय
फर्स्ट एमटीपी म्हणजे अंगठ्याच्या मुळाचा सांधा, आर्थ्रोडेसिस म्हणजे तो जोडलाय. म्हणत होते की नाही!

सुईदोरा
हं. आता ऐका.

तुमचा सांधा मुद्दाम कायमचा बंद केलाय. दोन्ही हाडांची टोकं खरवडून एकमेकांना भिडवली आहेत आणि ती एकजीव होईपर्यंत प्लेट आणि स्क्रू त्यांना धरून बसले आहेत. म्हणून तो हलत नाही, आणि हलूही नये. सकाळचा तो व्यायाम परत करायचा नाही. अगदी टोकाचा, नखाजवळचा सांधा वेगळा, तो पुढे वाकू शकेल, पण तोही फिजिओ सांगेल तेव्हाच.

अंगठा वर दिसतो कारण तो थोडासा वर ठेवूनच जोडतात. पाऊल पुढे टाकताना शरीर अंगठ्यावरून पलीकडे जातं. सांधा वाकणार नसेल तर ती उतरण आधीच करून ठेवावी लागते. सपाट जोडला तर प्रत्येक पावलाला टोक जमिनीत रुतल्यासारखं होईल. अनवाणी उभं राहिल्यावर अंगठ्याखाली जरा फट दिसते, ती तशीच असू द्या.

'हील डब्ल्यूबी' म्हणजे वजन फक्त टाचेवर. तुम्हाला ताठ तळाचा किंवा टाचेकडे उंच आणि पुढे मोकळा असा एक विचित्र बूट दिला असेल. तो घालताय ना?

वाटसरू_७
बाहेर जाताना घालतो. घरात नाही, घरात चार पावलं तर चालायचं. त्या बुटाने एक पाय उंच होतो आणि कंबर धरते.

गोगलगाय
अरे देवा.

टाचणी
म्हणजे घरात अनवाणी, चवड्यावर? आणि वर 'सांगितलं ते सगळं करतोय'!

वाटसरू_७
ओरडू नका. कुणी नीट सांगितलं नव्हतं, कागदावर दोन अक्षरं खरडली होती. काय करायचं ते सांगा.

सुईदोरा
रागवायचं नंतर. दिवसभरातली बहुतेक पावलं घरातच पडतात, त्यामुळे बूट घरात जास्त लागतो. रात्री उठून बाथरूमला जातानासुद्धा. पलंगाला लागून ठेवा, पाय खाली टेकायच्या आधी चढवा.

कंबरेवर उपाय सोपा आहे. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला, दोन्ही बाजूंची उंची सारखी झाली की कंबर सुटते. उंची जुळवायला बुटाला बांधायचे तळवेही मिळतात.

उद्या सकाळी तारखेची वाट न बघता दवाखान्यात फोन करा. 'सांधा जोडलाय, घरात बुटाशिवाय चाललो, अंगठा ओढला, दुखलं' असं स्पष्ट सांगा. एक्स-रे लवकर काढायचा का ते ते ठरवतील. बहुतेकदा काही बिघडलेलं नसतं, पण ते इथे बसून कुणी सांगू शकत नाही.

आणि सिगारेट 'कमी' करून भागत नाही. निकोटिनने हाडाकडे जाणारं रक्त आटतं. सांधा जोडलेल्या माणसाने हाड जुळेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवावी.

जुना_खेळाडू
माझ्या पायावर वेगळं ऑपरेशन होतं हे मान्य. पण धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

पानगळ
मूळ प्रश्न कुणीच घेतले नाहीत म्हणून लिहिते. माझाही सांधा जोडलाय, बऱ्यापैकी जुनी गोष्ट.

सूज: चार आठवड्यांना ती जायला हवी ही अपेक्षाच चूक. तीन ते सहा महिने सहज राहते, थोडीशी वर्षभरही. संध्याकाळी वाढते कारण दिवसभर पाय खाली असतो. पाय खाली सोडल्यावर जांभळा पडणं आणि वर घेतल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत रंग परत येणं हेही या दिवसांत नेहमीचं. पाय वर म्हणजे समोरच्या स्टुलावर नव्हे. ती चूक सगळे करतात. पाऊल छातीच्या वर यायला हवं, म्हणजे आडवं पडून पोटरीखाली दोन-तीन उशा. टाच हवेत राहू द्या, नाहीतर दाबाने टाचेला जखम होते. काम लॅपटॉपवर असेल तर पलंगावरून करा, लोकांना मीटिंगमध्ये फक्त चेहरा दिसतो.

बूट: एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत नाहीच. सहा आठवड्यांनी एक्स-रे, तिथून पुढे रुंद पुढ्याचा, मऊ वरचा, ताठ आणि खालून किंचित गोलाई असलेल्या तळाचा बूट. नेहमीचा निमुळता बूट अर्धा आत गेला नाही हे बरंच झालं, आणखी जोर लावू नका. ऑफिसला आत्ताच सांगून ठेवा. आणखी दोन-चार आठवडे मागायला लाजू नका, नंतर परत मागणं जास्त अवघड जातं.

वटवट्या
आणि उंच टाचांचे बूट आता विसरा.

वाटसरू_७
मी पुरुष आहे.

गोगलगाय
बर्फाचं राहिलं. व्रणाच्या आजूबाजूला आणि अंगठ्याच्या आतल्या कडेला बधीर वाटत असेल, तिथली बारीक नस दुखावलेली असते. त्या जागी बर्फ थेट ठेवू नका, चटका बसला तरी कळत नाही. कापडात गुंडाळून आणि थोडाच वेळ.

मेघमल्हार
कुबड्या वापरता की वॉकर? मी तर गुडघा टेकवून ढकलायची चाकांची गाडी आणली होती, स्वर्ग!

टाचणी
स्वर्ग आणि उंबरठा आला की पाताळ. माझी दोनदा उलटली. कुबड्या बऱ्या. जिने असतील तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ज्यांना तोल नाही त्यांनी सरळ बसून एकेक पायरी सरकावं, लाज कसली.

वाटसरू_७
गाडीचं कुणी सांगेल का? गिअरची आहे.

पानगळ
डावा पाय ना? गाडी ऑटोमॅटिक असती तर कदाचित लवकर सुटला असता, तिला डावा पाय लागत नाही. गिअरची म्हणजे क्लच, आणि क्लच चवड्यानेच दाबतात. टाचेचा बूट घालून तर अजिबात नाही. हाड जुळल्याचं सर्जनने सांगितल्यावर, साध्या बुटात, आधी बंद गाडीत बसून क्लच पूर्ण दाबून बघा. अंगठा आठवला तर अजून वेळ आहे. तोवर विमा कंपनी काय म्हणते तेही बघून ठेवा.

सुईदोरा
एक राहिलं, ते महत्त्वाचं. पोटरी दुखू लागली, कडक झाली, एकाच पायाची पोटरी सुजली तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर एक मिनिटही थांबायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते. व्रणातून पाणी किंवा पू, ताप, लाली वर सरकणं, पाय वर घेऊनही बोट काळपट किंवा पांढरं राहणं, हेही त्याच दिवशी.

वाटसरू_७
फोन केला. लगेच बोलावलं, एक्स-रे झाला. प्लेट आणि स्क्रू जागेवर आहेत. हाड अजून पूर्ण जुळलेलं नाही, पण या टप्प्यावर तेवढंच दिसतं म्हणाले. बूट चोवीस तास, सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे, गाडीचं नाव तोवर काढायचं नाही. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घातला, कंबर खरंच सुटली. सिगारेटवरून तिथेही बोलणी खाल्ली. बूट घालून झोपायचं का हे विचारायचं राहिलं.

पानगळ
मला झोपताना काढायला परवानगी होती, पण तुम्हाला चोवीस तास म्हणाले असतील तर फोन करून विचारा. एका वाक्याचा प्रश्न आहे. काढायला सांगितलं तर पांघरुणाचं वजन अंगठ्यावर येऊ देऊ नका, पायाशी एक खोकं आडवं ठेवा आणि पांघरूण त्यावरून घ्या.

वटवट्या
विमानतळावर प्लेटमुळे यंत्र वाजलं तर घाबरू नका, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

वाटसरू_७
विमानाचं कोण बोललं?

वटवट्या
माहिती असलेली बरी.