जखमेवरचं कोलॅजेनेज मलम : गुण की नुसता खर्च?

तूरवाला_परभणी
माझं मत आधीच सांगतो, मग शिव्या द्या. जखम साफ करायला देतात ते कोलॅजेनेजचं मलम म्हणजे पेशंटच्या खिशाला भोक. बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे, पाय बधिर झालेत. तुरीचं धसकट तळव्यात घुसलं ते दोन दिवसांनी चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंग सुरू केलं. रोज मलम, असे तीन आठवडे. पिवळा थर जागचा हलला नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत ब्लेडनं काढला. मग हे आधीच कामून नाही केलं? कोलॅजेन म्हणजे मांस बांधून ठेवणारं प्रथिन, ते खाणारं एन्झाइम म्हणे. आमचे पैसे खाल्ले त्यानं.

शस्त्रकर्मी
मी सर्जन आहे, म्हणजे चाकूवाल्यांच्या बाजूचा, हे लक्षात घेऊन वाचा. बधिर पायात पू असेल, लाली वर चढत असेल, तर मलमाची वाट बघायची नसते. त्याच दिवशी चिरा. पण त्याआधी घोट्याजवळची नाडी लागते का ते बघा. रक्तच पोचत नसेल तर टाचेवरची कोरडी काळी खपली ओली करणं धोक्याचं, मग ती मलमानं करा की चाकूनं. मलमाचा तोटा एकच, पण मोठा : ते हळू आहे. त्या आठवड्यांत बोट जातं.

वॉर्डातली_ताई
डॉक्टर साहेब, तुमचा चाकू आमच्या तालुक्याला आठवड्यातून एकदा येतो. बाकी सहा दिवस जखमेसमोर मी असते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेली म्हातारी, पंख्याची हवा लागली तरी ओरडणारा भाजलेला माणूस, यांना मी ब्लेड लावू? मेलेला थर खालच्या मांसाला कोलॅजेनच्या धाग्यांनी शिवलेला असतो. मलम ते टाके उसवतं, मग थर गॉजबरोबर निघून येतो. जिवंत मांसाला सहसा त्रास होत नाही.

परभणीचे दादा, जखम धूत कशानं होते? आणि मलमावर अजून काही लावत होते का?

गोदाकाठ
एवढा खटाटोप कशाला भाऊ? आमच्याकडं मटणाला कच्ची पपई चोळतात, तासाभरात मऊ. तीच पपई जखमेवर लावा. फुकटात काम.

पेट्रीडिश
मी संभाजीनगरला लॅबमध्ये पेशी वेगळ्या करायचं काम करते, म्हणून राहवत नाही. पपईतलं पपेन दिसेल ते प्रथिन तोडतं, पण तीन पेडांनी घट्ट वळलेलं अख्खं कोलॅजेन त्याला सहजासहजी जुमानत नाही. क्लोस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या मातीतल्या जंतूचं कोलॅजेनेज नेमका तोच पीळ अनेक जागी कापतं. हा जंतू १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमांतून ओळखला गेला. मांस नासवणारा जंतू, आणि आपण त्याचं हत्यार काढून घेतलं! (मला अजूनही याची गंमत वाटते.) पपेनचीही मलमं होती. तीव्र ॲलर्जीच्या तक्रारींमुळे अमेरिकेत २००८ मध्ये ती बाजारातून काढायला लावली. घरची पपई तर निर्जंतुकही नसते.

लॅबमध्ये याच्याशिवाय आमचं पान हलत नाही. उंदराचं यकृत आधी कॅल्शियम नसलेल्या द्रावणानं धुवायचं, म्हणजे पेशींचे सांधे सुटतात. मग कॅल्शियम घालून ३७ अंशांना कोलॅजेनेज सोडायचं. स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं अशीच सोडवतात. २००० साली कॅनडातल्या एडमंटनला अशा बेटांची प्रसिद्ध प्रत्यारोपणं झाली, त्यांच्यामागेही हेच एन्झाइम होतं. पण ते नखरेल. नवा लॉट आला की आधी तपासावं लागतं. गाभ्यात जस्त, आधाराला कॅल्शियम. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) पडलं की ठप्प. चांदीनं, पाऱ्यानंही बिघडतं. म्हणून ताईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

बोटं तळव्यात वाकवणाऱ्या ड्युपुट्रेनच्या आजारात याचं इंजेक्शन देतात. अमेरिकेत २०१० पासून मान्यता आहे. म्हणजे चाकूची जागा ते घेऊ शकतं.

शस्त्रकर्मी
घेतं, आणि सुई चुकली तर बोट वाकवणारा स्नायुबंधच तुटतो, अशा नोंदी आहेत. तोही कोलॅजेनचाच असतो. एन्झाइमला कुठं थांबायचं ते कळत नाही, हाताला कळतं.

वॉर्डातली_ताई
हात असला तर.

तूरवाला_परभणी
ताई, डबा काढून बघितला. धुवायला आयोडीनचं लाल औषध. त्यावर हे मलम. त्यावर भाजल्यावर लावतात ते सिल्व्हरचं पांढरं क्रीम. तिन्ही रोज.

वॉर्डातली_ताई
मग ते काम करणार कसं? चांदी एन्झाइमला मारते, आयोडीनही त्याला मानवत नाही. नुसत्या सलाईननं धुवायचं, पातळ थर लावायचा, वर ओलसर गॉज. तुम्ही तीन आठवडे मेलेलं मलम लावलंत दादा.

शस्त्रकर्मी
ताईंशी इथं शंभर टक्के सहमत. तरी माझं म्हणणं कायम : ब्लेड पहिल्याच दिवशी लागायला हवं होतं.

पेट्रीडिश
आणि माझं असं, की ज्याला चालूच दिलं नाही त्याला नापास करू नका.

तूरवाला_परभणी
माझं मत अर्धंच बदललं. दोन्ही मलमं एकाच चिठ्ठीवर, एकाखाली एक लिहिलेली आहेत, एकाच अक्षरात. मग खर्च फुकट गेला तो गेलाच की.

शस्त्रकर्मी
एक विचारायचं राहिलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना प्लास्टर घालत, चालताना जखमेवर दाब पडू नये म्हणून. तुमच्या वडिलांच्या पायावरचा भार कसा कमी केला? एमसीआरची, म्हणजे बधिर पायांसाठीच्या मऊ रबराची, चप्पल तरी दिली का?

तूरवाला_परभणी
नाही साहेब. तीच जुनी चप्पल घालून रोज ड्रेसिंगला चालत जात होते.