फोर्ड टॉरस घ्यायची आहे, कुठल्या पिढीची घ्यावी?

रूज_नदीकाठी

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नच्या जवळ राहतो. रोजच्या वापराला घरात गाडी आहे. ही दुसरी निव्वळ हौसेखातर, रविवारी फिरवायला आणि गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने थोडंफार काम करायला हवी आहे. मस्टँग सगळेच घेतात. मला टॉरस हवी आहे, कारण इथल्या सर्वसाधारण घरांनी जी गाडी वर्षानुवर्षं वापरली ती हीच, आणि आता ती रस्त्यावर दिसेनाशी झाली आहे.

बजेट सहा-सात हजार डॉलर. सध्या चार गाड्या नजरेत आहेत : १९९१ ची स्टेशन वॅगन (ओहायोत, एकाच घरात वापरलेली), १९९४ ची जीएल (साधी आवृत्ती) सेडान, १९९७ ची एसएचओ (जास्त ताकदीची आवृत्ती) आणि २०११ ची एसएचओ. शेवटची अर्थात आकाराने बरीच मोठी आहे. कुठली घ्यावी? आणि जी गाडी सलग काही वर्षं अमेरिकेत सर्वाधिक खपत होती ती अशी मागे का पडली, हेही जाणकारांनी सांगितलं तर निवड करणं सोपं जाईल.

जुना_स्पॅनर

धागा पाहून बरं वाटलं. या गाडीविषयी मराठीत कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. उत्तर आधी देतो : १९९४ ची जीएल घ्या, पण तिच्यात ३.० लिटरचं इंजिन असेल तरच. आता कारण, आणि ते जरा लांबून सांगावं लागेल.

१९८० ते ८२ या तीन वर्षांत फोर्डला तीनशे कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. पेट्रोल महाग झालेलं, जपानी गाड्यांनी बाजार काबीज केलेला, आणि फोर्डच्या मध्यम आकाराच्या गाड्या म्हणजे चौकोनी खोकी. अशा वेळी कंपनीने जवळजवळ तेवढीच रक्कम एकाच नव्या गाडीवर लावली. ती चालली नसती तर फोर्ड तगली असती का, असा प्रश्न तेव्हा कंपनीच्या आतही विचारला जात होता.

कामाची पद्धतही बदलली. तोपर्यंत डिझाइनवाले चित्र काढून इंजिनिअरांकडे सरकवायचे, इंजिनिअर कारखान्याकडे, आणि कारखान्यात गेल्यावर कळायचं की हा भाग बसतच नाही. ल्यू व्हेराल्डी यांनी 'टीम टॉरस' उभी केली, तिच्यात डिझाइन, उत्पादन, खरेदी, विक्री, सर्व्हिस हे सगळे पहिल्या दिवसापासून एकत्र बसले. असेंब्ली लाइनवरच्या कामगारांनाही विचारलं. त्यांची एक सूचना होती की बोल्टची डोकी एकाच मापाची ठेवा, म्हणजे दर वेळी पाना बदलावा लागणार नाही. ज्याने कधी बॉनेटखाली हात घातला आहे त्याला या सूचनेचं मोल कळेल. जगभरातल्या चांगल्या गाड्या आणून त्या खोलल्या आणि चारशेच्या आसपास बाबींची यादी केली : दार बंद होतानाचा आवाज, सीटची पकड, जॅक काढायला किती त्रास होतो. प्रत्येक बाबीत जी गाडी सर्वांत चांगली, तिच्या तोडीचं काम करायचं.

बाहेरचा आकार जॅक टेलनॅक यांच्या चमूचा. २६ डिसेंबर १९८५ ला गाडी विक्रीला आली तेव्हा तिला पुढे जाळीच नव्हती. बॉडीच्या रंगाची सपाट पट्टी आणि मधल्या लंबगोलात फोर्डचं निळं चिन्ह, बस्स. काचा बॉडीशी समतल, डॅशबोर्ड ड्रायव्हरकडे वळलेला, बटणं रस्त्यावरची नजर न हटवता बोटांना ओळखता यावीत अशी. ऑइलची डिपस्टिक ठसठशीत पिवळी, म्हणजे नवख्या माणसालाही शोधावी लागू नये. डिकीत किराणामालाच्या पिशव्या लवंडू नयेत म्हणून जाळी. या बारीकसारीक गोष्टींनीच लोकांना जिंकलं असं माझं ठाम मत आहे.

१९९२ ला दुसरी पिढी आली. दारं सोडली तर बाहेरचा जवळजवळ प्रत्येक पत्रा बदलला, तरी लांबून तीच गाडी वाटते. त्याच वर्षी चार लाखांवर खप होऊन तिने होंडा अकॉर्डला मागे टाकलं. १९८९ पासून पहिला क्रमांक अकॉर्डकडे होता, तो टॉरसने १९९६ पर्यंत सोडला नाही.

तुमची १९९४ ची गाडी या काळातली. पहिल्या पिढीतली सगळी मेहनत तिच्यात आहे आणि सुरुवातीच्या बऱ्याच खोड्या निघून गेलेल्या आहेत. ३.० लिटरचं व्हल्कन व्ही-६ म्हणजे लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, साधी पुशरॉड रचना, टायमिंग चेन. ताकद १४० अश्वशक्ती, म्हणजे शर्यत लावायला नाही. पण ऑइल आणि कूलंट वेळच्या वेळी बदललं तर हे इंजिन बाकी गाडीपेक्षा जास्त जगतं.

३.८ लिटरच्या वाट्याला मात्र जाऊ नका. त्याची हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील) जाते, आणि आज ना उद्या जातेच. कागदावर दोन्हींची अश्वशक्ती सारखीच, ३.८ चा टॉर्क जास्त म्हणून चालवताना ते जास्त जोमदार वाटतं. त्या वाटण्याला भुलू नका. ओळखायची खूण सोपी आहे : चासी नंबरातलं आठवं अक्षर पाहा. इंग्रजी 'यू' असेल तर व्हल्कन, ४ चा आकडा असेल तर ३.८.

वॅगनवाली_वर्षा

स्पॅनरदादांनी वॅगनचा उल्लेखही केला नाही, म्हणून लिहिते. सेडान आणि वॅगनचं मागचं सस्पेन्शन वेगळं आहे. सेडानला मागे मॅकफर्सन स्ट्रट, तर वॅगनला मुद्दाम वेगळी विशबोन रचना दिली, म्हणजे स्ट्रटची उंच टोकं सामानाच्या जागेत घुसत नाहीत. म्हणून आतला मागचा भाग इतका सपाट आणि रुंद मिळतो. मागची काच दार न उघडता वेगळी उघडते. काही गाड्यांत मागे तोंड करून बसायची तिसरी सीटही आहे. घरात लहान मुलं असतील तर ती सीट कोणाला मिळणार यावरून भांडणं होतील.

एकाच घरात वापरलेली १९९१ ची वॅगन रोज मिळत नाही. जुन्या सेडान अजून सापडतात. वॅगन लोकांनी अक्षरशः झिजेपर्यंत वापरल्या, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या फार उरल्या नाहीत. इंजिन ३.० असेल आणि खालून सडलेली नसेल तर मी वॅगनच घेईन.

ओहायो_गॅरेज

मी इथे गाड्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे फक्त १९९७ च्या एसएचओबद्दल बोलतो.

आधीच्या एसएचओ, म्हणजे १९८९ ते ९५ च्या, यामाहाने बनवलेल्या व्ही-६ च्या. ते इंजिन ७,००० आरपीएमपर्यंत आनंदाने जातं, १९८९ ला २२० अश्वशक्ती आणि पाच गिअरचा मॅन्युअल. बाहेरून साधी घरगुती सेडान, आणि बॉनेट उघडलं की इनटेकच्या वळणदार नळ्यांची ओळ. ती गाडी सुंदर आहे. आता तिचे भाग मिळवणं अवघड झालं आहे, पण मन लावून सांभाळणारे लोक आहेत.

१९९६ ते ९९ ची एसएचओ वेगळी. तिच्यात ३.४ लिटरचं व्ही-८, २३५ अश्वशक्ती, आणि फक्त ऑटोमॅटिक. या इंजिनाचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) पोकळ आहेत आणि त्यांच्यावर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दाबून बसवलेलं आहे. ते स्प्रॉकेट शाफ्टवर फिरू लागतं, टायमिंग चुकतं, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. आधी काही सूचना मिळेलच असं नाही. उपाय एकच, चारही कॅमशाफ्टवर स्प्रॉकेट वेल्ड करून घेणं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा : वेल्डिंग झालं आहे का, आणि पावती आहे का? तोंडी 'हो' वर विश्वास ठेवू नका. पावती नसेल तर वेल्डिंगचा खर्च किमतीतून वजा करा, आणि ते होईपर्यंत गाडी चालवू नका, टो करून आणा.

अंडाकृती

१९९६ च्या पिढीबद्दल कोणीतरी चांगलं बोललं पाहिजे. मी औद्योगिक डिझाइन शिकले आहे आणि ती गाडी मला मनापासून आवडते. दिवे लंबगोल, मागची काच लंबगोल, आत रेडिओ आणि एसीची बटणं एकाच लंबगोल पॅनेलमध्ये. डोळ्यांना पटो न पटो, एका कल्पनेला शेवटपर्यंत चिकटून राहायचं धाडस त्यात आहे. ग्राहक असलेली, सर्वाधिक खपणारी गाडी हातात असताना एवढी जोखीम कोण घेतं? शिवाय २०० अश्वशक्तीचं नवं ड्युराटेक इंजिन याच पिढीत आलं, आणि बॉडी आधीपेक्षा कितीतरी घट्ट आहे.

त्या पॅनेलमुळे बाजारातला दुसरा रेडिओ बसवता येत नाही, हा दोष मान्य.

जुना_स्पॅनर

@अंडाकृती, धाडसाबद्दल सहमत, गाडीबद्दल नाही. १९८६ मध्ये धाडस होतं पण ते गिऱ्हाइकाला विचारून केलेलं होतं. १९९६ मध्ये किंमत वाढली, मागच्या सीटवर उंच माणसाचं डोकं छताला लागायला लागलं, डिकीचं तोंड अरुंद झालं. त्या वर्षी पहिला क्रमांक राहिला तो घसघशीत सूट आणि भाड्याच्या गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांच्या खरेदीमुळे. पुढच्याच वर्षी टोयोटा कॅमरी वर गेली. भाड्याच्या ताफ्यात गाड्या ओतल्या की वर्षा-दोन वर्षांत त्याच गाड्या जुन्या बाजारात येतात, जुन्याची किंमत पडते, आणि मग नवी घेणारा विचार करतो की उद्या मला काय मिळणार. रूज_नदीकाठी यांनी विचारलं होतं ना, मागे का पडली? सुरुवात इथे झाली.

२००० ला आकार पुन्हा साधा केला, छत उंच केलं, एसएचओ बंद केली. गाडी उपयोगी आणि स्वस्त होती, पण फोर्डचं लक्ष आणि पैसा तोपर्यंत एक्सप्लोररसारख्या एसयूव्ही आणि ट्रककडे गेला होता, कारण नफा तिथे होता. तिकडे अकॉर्ड आणि कॅमरी दर चार-पाच वर्षांनी नव्याने येत होत्या. ऑक्टोबर २००६ मध्ये अटलांटाजवळच्या हेपव्हिलच्या कारखान्यातून शेवटची गाडी निघाली आणि कारखानाही बंद झाला.

नाशिककर_मिलवॉकीत

थोडं अवांतर. टॉरस भारतात कधी विकली गेली नाही, पण फोर्डची एस्कॉर्ट नव्वदच्या दशकात महिंद्राबरोबरच्या भागीदारीत आमच्या नाशिकच्या कारखान्यात जोडली जायची. आमच्या वाड्यातल्या एका काकांकडे ती होती आणि ती थांबली की पोरांचा गराडा पडायचा. निळ्या लंबगोलाचं आकर्षण आम्हाला तिथपासून. मत : १९९४.

रूज_नदीकाठी

सर्वांचे मनापासून आभार. १९९७ ची एसएचओ यादीतून काढली, त्यांच्याकडे पावती नाही. २०११ च्या गाडीबद्दल कोणीच बोललं नाही. ती अधूनमधून रोजही वापरता येईल म्हणून मोह होतो आहे.

ओहायो_गॅरेज

ती गाडी चांगली आहे, पण तुम्हाला जी टॉरस हवी आहे ती ती नव्हे. २००६ मध्ये बोइंगहून ॲलन मुलाली फोर्डचे प्रमुख झाले. बोइंग ७७७ च्या वेळी त्यांनी टीम टॉरसच्या पद्धतीचा अभ्यास केला होता, त्यामुळे हे नाव बंद केलं हे त्यांना पटेना. फाइव्ह हंड्रेड नावाची मोठी सेडान होती, २००८ च्या मॉडेलपासून तिलाच टॉरस नाव दिलं. तिचा पाया व्होल्वोकडून आलेला. २०१० ला नवी बॉडी आली आणि एसएचओ परतली : ३.५ लिटर, दोन टर्बो, ३६५ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. १ मार्च २०१९ ला शिकागोत तिचंही उत्पादन संपलं.

घेण्याआधी एक गोष्ट बघा. या ३.५ लिटर इंजिनाचा वॉटर पंप आत, टायमिंग कव्हरच्या मागे, चेनवर चालतो. सील गेलं की कूलंट ऑइलमध्ये उतरू शकतं. पंपाची किंमत फार नाही, पण तिथपर्यंत पोचायला इंजिनाचा पुढचा भाग खोलावा लागतो, म्हणून मजुरीच तुमच्या बजेटचा मोठा हिस्सा खाऊन टाकेल. हौसेची गाडी स्वतः दुरुस्त करायची असेल तर हे इंजिन त्यासाठी नाही.

रूज_नदीकाठी

ठरलं. शनिवारी १९९४ ची जीएल बघायला जातो. चासी नंबर फोनवर विचारून घेतला, आठवं अक्षर 'यू' आहे. बघताना काय काय तपासू? वॅगनवाल्यांनाही रविवारची वेळ देऊन ठेवली आहे.

जुना_स्पॅनर

छान! सकाळी लवकर जा आणि त्यांना आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका.

इंजिन सुरू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघा. तपकिरी, गंजकट पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं बदललेलं नाही, आणि हीटर कोअर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) चोंदलेला असणार. इंजिन गरम झाल्यावर हीटरही लावून बघा, हवा कोमटच येत असेल तर किमतीत घासाघीस करा.

मग गिअरबॉक्स, कारण या पिढीत खरी नाजूक जागा तीच. त्याची डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदाला टेकवा. तेल लालसर हवं. काळपट असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर तिथूनच परत या. चालवताना किमान वीस मिनिटं, हायवेवर घेऊन गरम होऊ द्या. परत आल्यावर उभ्या गाडीत ब्रेक दाबून रिव्हर्स आणि ड्राइव्ह दोन्ही टाकून बघा. गिअर पडायला क्षणभर उशीर झाला किंवा धक्का बसला तर आतले क्लच झिजले आहेत. थंड असताना हे लपतं, म्हणून वीस मिनिटं.

शेवटी खाली वाका. हिवाळ्यात बर्फ वितळवायला आपल्याकडच्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने या गाड्या खालून खाल्ल्या आहेत. इंजिन ज्या सबफ्रेमवर बसतं तिचे मागचे दोन माउंट आणि दारांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज हवा. पापुद्रे पडत असतील तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी घेऊ नका.

वॅगनलाही हेच सगळं लागू आहे. तिचंही आठवं अक्षर रविवारच्या आधी फोन करून विचारा, १९९१ मध्ये ३.८ बऱ्याच वॅगनमध्ये होतं.