शब्दचर्चा: नदीकाठच्या गोट्यांच्या, रेताड, चराऊ जमिनीला काय म्हणायचे?

म्हादईकाठ

मंडळी, एक शब्द हवा आहे. दूधवाल्यांसाठी चाऱ्यावरची एक पुस्तिका मराठीत करतो आहे. बाकी सगळे निभावले, एका ओळीत मात्र अडकलो. जमीन अशी: नदीला पूर आला की पाण्याखाली जाते, वाळू आणि गोटे एकमेकांत मिसळलेले, नांगर चालत नाही, म्हणून गुरांना सोडलेली. मी लिहिले, 'वालुकामय अश्मयुक्त पूरमैदानी मृदा'. आईला वाचून दाखवले तर म्हणाली, "हे कुठले औषध?"

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अशी जमीन पावलोपावली आहे. तिला नाव नसेल असे होणार नाही.

साखळीची सून

'वाळवंट' घ्या की! शाळेत वाळवंट म्हटले की उंट आणि राजस्थान. पण पंढरपूरला जाणाऱ्याला विचारा, वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे. आमच्या साखळीला विठ्ठलापूरचे देऊळ आहे आणि शेजारून वाहते ती नदी वाळवंटी. यापेक्षा जवळचा शब्द कुठे शोधायला जाणार?

पेडण्याचा मास्तर

सूनबाई, शब्द सुंदर आहे, पण वाळवंटात गुरे चरत नाहीत. पात्रातली उघडी वाळू ती वाळवंट. दर पावसाळ्यात ती उलथीपालथी होते, गवताला मूळ धरायला सवडच मिळत नाही.

मी 'पुळण' सुचवतो. संस्कृतात 'पुलिन' म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा रेतीचा काठ. फल-फळ, काल-काळ तसे पुलिन-पुळण. आमच्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात मात्र हा शब्द समुद्राकडे गेला. पुळणीवर होड्या ओढतात, गुरे नेत नाहीत. पण तो मुळात नदीचाही आहे, परत आणला तर चोरी ठरणार नाही.

म्हादईकाठ

मास्तर, पुळण म्हटले की पायाखाली मऊ लागते. इथे तर अनवाणी चालवत नाही. गोट्यांचे काय करायचे?

फोंड्यातला सांगलीकर

आमच्याकडे कृष्णाकाठी 'मळी' किंवा 'मळई' म्हणतात. मळीची जमीन म्हणजे सोने. वांगी घ्या, काकडी घ्या, खत विचारू नका. फक्त लिहिताना जपून, साखर कारखान्यातून निघते तीही मळीच. दूधवाले म्हणतील, त्या मळीत गुरे कशाला चारायची?

मातीवाला

शेतकी शिकलो, मातीच्या परीक्षणातच वर्षे गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

सांगलीकर, तुमची मळी वेगळी. ती पोयट्याची. म्हादईकाठ विचारताहेत ती तिच्या नेमकी उलट. दोन्ही पुरानेच आणलेल्या, पण पाण्याच्या वेगवेगळ्या मनःस्थितीत. पूर जोरात असतो तेव्हाच गोटे हलतात. जोर उतरला की ते आधी बसतात, मग त्यांच्या फटींत जाडी वाळू, मग बारीक वाळू. पोयटा आणि चिकण सर्वांत शेवटी, पाणी जवळजवळ थांबते तिथे. घाटातून उतरणाऱ्या आपल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यामुळे पायथ्याला गोटे आणि खाली भरतीचे पाणी पोचते तिथे चिखल. तोच पूर, तीच नदी, पण सत्तरीत गोटे आणि दिवाडी बेटावर खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची शेतजमीन.

आता शब्दाची मेख. मातीचा 'पोत' ठरवतात तो फक्त 2 मिलिमीटरपेक्षा बारीक कणांवरून. अमेरिकी शेती खात्याच्या पद्धतीत 2 ते 0.05 मिमी वाळू, 0.05 ते 0.002 पोयटा, त्याखाली चिकण. गोटे या हिशेबात येतच नाहीत. त्यांची मोजणी वेगळी: 2 ते 75 मिमी खडे, 75 ते 250 गोटे, 250 ते 600 धोंडे, त्यापुढे शिळा. (भूशास्त्रवाले गोटे 64 ते 256 मध्ये मोजतात, त्यांच्याशी भांडायला जाऊ नका.) आकारमानाने 15 ते 35 टक्के गोटे असतील तर मातीच्या नावाआधी 'गोट्यांची' हे विशेषण लागते. 35 ते 60 असेल तर 'फार', त्याहीपुढे 90 पर्यंत 'अतिशय'.

म्हणजे 'रेताड' आणि 'गोट्यांची' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. एका शब्दात कोंबलीत तर एक तरी खोटे पडणार.

साखळीची सून

मातीवाले भाऊ, मग 'पोयटा' म्हणजे नक्की काय? माझे सासरे पोयटा म्हणतात ते भरदार काळपट मातीला. तुम्ही म्हणता तो कणाचा आकार.

मातीवाला

ताई, सासरे आधीचे, आम्ही नंतरचे. पोयटा म्हणजे नदीने आणलेली कसदार माती, हा बोलण्यातला अर्थ. शेतकीच्या पुस्तकांनी तो उचलून मधल्या आकाराच्या कणाला चिकटवला, आणि वर वाळू-पोयटा-चिकण बेताने मिसळलेल्या मातीलाही 'पोयट्याची जमीन' म्हणून ठेवले. एकाच शब्दाला दोन नोकऱ्या. विद्यार्थी दर वर्षी गोंधळतात, मीही गोंधळलो होतो.

डिचोलीचा तलाठीपुत्र

सरकारी कागद बघा ना. आपला एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, काढा. जिरायत, बागायत, तरी (भाताची), खाजन, केर, मोरड असे रकाने आहेत. तुमची गोट्यांची पट्टी यातल्या कशातच बसत नाही, ती जाते 'पोटखराब'मध्ये. शब्द तयार आहे, छापा.

पेडण्याचा मास्तर

अरे बाबा, पोटखराब हा सारा वसूल करणाऱ्याचा शब्द. त्याच्या पोटाला काही मिळत नाही म्हणून खराब. गाईला विचार. एप्रिलमध्ये डोंगर करपलेला असतो तेव्हा हिरवे गवत तिला तिथेच मिळते.

मातीवाला

मास्तरांचे खरे, पण अर्धेच. हिरवे दिसते ते ओल खाली जवळ असल्यामुळे. हरळीची मुळे तिथवर पोचतात. माती स्वतः ओल धरत नाही. वाळूतून पाणी सरळ खाली जाते, आणि निम्मी जागा गोट्यांनी अडवली असेल तर ओल धरायला उरली निम्मीच. टाकलेले खतही पाण्याबरोबर जाते. नदीची पातळी उतरली की आठ दिवसांत गवत पिवळे. 'कायम हिरवे कुरण' असे पुस्तिकेत लिहू नका, ही विनंती.

आणखी एक. अशा जमिनीचा उभा छेद घेतला की थर दिसतात: वाळू, गोटे, मध्येच बोटभर काळी माती, पुन्हा वाळू. साध्या जमिनीत वरून खाली सेंद्रिय कर्ब हळूहळू कमी होत जातो. इथे मध्येच वाढतो, कारण जुना गवताळ पृष्ठभाग नव्या पुराखाली पुरला गेलेला असतो. माती मुरायला लागते तोवर पुढचा पूर वर चादर घालतो. म्हणून अमेरिकी वर्गीकरणात ही 'एन्टिसॉल', म्हणजे कोवळी, अजून घडण न झालेली माती. आणि अगदी उघडे पात्र, सूनबाईंचे वाळवंट, त्याला ते मातीत धरतच नाहीत. मास्तरांनी गवतावरून जी रेघ ओढली, तीच तिथेही ओढलेली आहे.

म्हादईकाठ

हे आवडले. म्हणजे पाण्याकडून वर चढत आलो तर तीन पायऱ्या: उघडे वाळवंट, मग ही आमची बिननावाची, मग मळी. गंमत म्हणजे पहिलीला नाव आहे, तिसरीला आहे, मधलीलाच नाही.

कुळागरवाली

पायऱ्या म्हणताय, पण त्या जागच्या जागी राहत नाहीत हो. 2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला. 1982 नंतरचा सर्वांत मोठा, असे तेव्हा सगळे म्हणत होते. आमच्या कुळागराच्या खालच्या अंगाला सुपारीच्या बुंध्यांत हातभर रेती आणि गोटे येऊन बसले. एका रात्रीत तिसऱ्या पायरीची दुसरी झाली. आता तिथे शेजाऱ्यांच्या म्हशी चरतात. तेव्हा नाव देताना ते जमिनीला देताय की पुराला, हे बघा.

फोंड्यातला सांगलीकर

'गाळपेर' चालेल का? पाणी ओसरल्यावर...

पेडण्याचा मास्तर

नाही चालणार. त्यात 'पेर' आहे. पेरता आले असते तर हा धागा कशाला निघाला असता?

डिचोलीचा तलाठीपुत्र

बरे, पोटखराब मागे घेतो. 'गोटाड' कसा वाटतो? रेताड, मुरमाड, तसा गोटाड.

पेडण्याचा मास्तर

बसतो. पण माझा कौल 'गोटाळ'ला. खडकाळ, डोंगराळ, केसाळ, रसाळ, दुधाळ: '-आळ' म्हणजे त्या वस्तूने भरलेले, एवढेच. त्यात निंदा नाही. '-आड'मध्ये मला नापिकीची कुरकुर ऐकू येते. रेताड, मुरमाड हे शब्द कपाळाला आठी घातल्याशिवाय कोणी उच्चारत नाही. शिवाय पुस्तिका दूधवाल्यांची. दुधाळ गाईला गोटाळ जमीन, कानालाही बरे.

साखळीची सून

मास्तर, गोटा म्हटले की मला तुळतुळीत टक्कलच दिसते. गोटाळ नवरा असेही होईल मग!

मातीवाला

'गोटाळ' ला माझी हरकत नाही, नवीन असला तरी ऐकताच कळतो. मात्र 'रेताड' सोडू नका, निचऱ्याची सगळी गोष्ट त्यात आहे. आणि 'पूरमैदान'ऐवजी 'पुराखालची' लिहा. मैदान म्हटले की क्रिकेट आठवते, आणि आपल्याकडे एवढी सपाट जागा नदीकाठी असते कुठे? 'पुराखालची गोटाळ रेताड जमीन.' चार शब्द झाले, पण चारही खरे. गुरांचे वेगळ्या वाक्यात सांगा. चरणे हा जमिनीचा गुण नव्हे, तो आपला निर्णय.

तिथेच दोन ओळी कामाच्याही घाला. गवत आखूड झाले की गाय ते उपटते, मुळाला लागलेली वाळू पोटात जाते. म्हणून अगदी तळाशी लागेपर्यंत चारू नये. आणि गोट्यांवर रोज चालणाऱ्या गुरांचे खूर पाहत राहावे.

कुळागरवाली

आणि काठाची कड. गुरे एकाच वाटेने पाण्यावर उतरली की ती कड ढासळते. वाळूच ती.

म्हादईकाठ

सगळ्यांचे आभार. 'पुराखालची गोटाळ रेताड जमीन' लिहून टाकले. आईला पुन्हा वाचून दाखवले. या वेळी औषध म्हणाली नाही. म्हणाली, "म्हणजे आमचे ते फातर."

मी विचारले, कोणते? तर तिच्या माहेरी, म्हादईच्या पलीकडे, अशी एक पट्टी होती. मोठ्यांनी विचारायचे, गोरवां खंय (गुरे कुठे)? आणि राखण्या पोराने सांगायचे, "फातरांचेर गेल्यांत." फातरांवर, म्हणजे दगडांवर, गेली आहेत. जमिनीचे नाव, वर्णन, पत्ता सगळे त्यातच.

पुस्तिकेत 'गोटाळ'च राहणार, छपाईला गेले. पण मास्तर, 'वर' हा प्रत्यय लागून झालेली अशी जागांची नावे तुमच्या पेडण्यात आहेत का? नवा धागा काढू का?

पेडण्याचा मास्तर

काढ. सड्यावर, कोंडीवर, मेरेवर. मी लिहायला बसलोच आहे.