५० एमएम एफ १.८: नथ शार्प, डोळे मऊ. लेन्स बदलू का?

साताऱ्याचा_नवखा
नमस्कार मंडळी. सेकंडहँड डीएसएलआर बॉडी (क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) आणि ५० एमएम एफ १.८ घेऊन चार महिने झाले. परवा मंगळवार पेठेत मामेबहिणीची हळद होती. फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, तीसेक फोटो काढले. घरी लॅपटॉपवर मोठे करून बघतो तर नथीचे मोती मोजून घ्यावेत, आणि पापण्या नुसतं लोणी! मग टेबलावर पट्टी तिरकी ठेवून १५ च्या आकड्यावर फोकस केला. एकदा १४ शार्प, एकदा १६, एकदा १३. दुकानदार म्हणतो, “हात हलत असेल.” मामी रोज अल्बम मागतेय. काय करू?

कासचा_तेरडा
मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम हलवता का? एफ १.८ ला ते अंगाशी येतं. माझी कासला निम्मी फुलं त्यातच गेली.

सांगलीकर_स्टुडिओ
तेरडेराव, फ्रेम हलवली की फोकस विषयाच्या मागे जातो. म्हणजे कान शार्प यायला हवा होता. यांची नथ येतेय, ती डोळ्याच्या पुढे. गडबड वेगळी आहे.

नवखेसाहेब, आधी ती पट्टी बाजूला ठेवा. व्ह्यूफाइंडरात दिसणाऱ्या फोकसच्या चौकोनापेक्षा फोकस ठरवणारा खरा सेन्सर मोठा असतो. तिरक्या पट्टीवर त्याला १३ पण दिसतो, १६ पण दिसतो. जो आकडा ठळक तो तो पकडतो. नथीचंही तेच झालं असेल. काळ्या पापणीपेक्षा चमकता मोती त्याला जास्त आवडतो. हे वगळल्याशिवाय लेन्सला बोल लावू नका.

माझी पद्धत सांगतो, विश्रामबागेतल्या घराच्या ओसरीत करतो. कालनिर्णयचं पान भिंतीला सपाट चिकटवायचं, मोठे आकडे बरे पडतात. कॅमेरा तिवईवर, पानाच्या अगदी समोर, फोकल लेंग्थच्या पन्नासपट लांब; ५० एमएमला अडीच मीटर. एफ १.८, मधला पॉइंट, दोन सेकंदांचा टायमर. उजेड दुपारचा. पिवळ्या बल्बखाली काही बॉडींचा फोकस सरकतो, हळदीच्या मांडवात तर काय विचारता! दर फोटोआधी रिंग फिरवून फोकस पार घालवायचा, पाच वेळा अनंताकडे, पाच वेळा जवळ. असे दहा फोटो. मग लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, दोन.

लाइव्ह व्ह्यूत आरसा वर जातो आणि फोकस थेट फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरून ठरतो. एरवी उजेड आरशातून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. त्या दोन वाटांची लांबी केसभर जरी जुळली नाही तरी सगळे फोटो एकाच बाजूला चुकतात. तसं असेल तर दुरुस्ती मेन्यूतच आहे: निकॉनला एएफ फाइन ट्यून, कॅननला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, उणे २० ते अधिक २०. स्वस्त बॉडींत मिळत नाही. कॅननने ५०डीत दिली, ६०डीत काढली, ७०डीत परत दिली. का ते त्यांनाच ठाऊक. पण दहा फोटो दहा दिशांना गेले तर आकडा बदलून काही होत नाही, मग सर्व्हिस सेंटर.

साताऱ्याचा_नवखा
केलं! आईने विचारलं, कॅलेंडरचे फोटो कशाला. लाइव्ह व्ह्यूचे दोन्ही कडक. एरवीच्या दहांतले नऊ मऊ, आणि मऊपणा सारखाच. आता पानाशेजारी पट्टी तिरकी उभी केली, फोकस मात्र पानावर. दर वेळी पानाच्या पुढचाच आकडा शार्प. सोय मेन्यूत सापडली. अधिक ५ ला सुधारलं, अधिक ८ ला लाइव्ह व्ह्यूशी जुळलं, अधिक १२ ला फोकस मागे गेला. ८ वर ठेवलंय. पण दहावा फोटो कसा काय बरोबर आला?

सांगलीकर_स्टुडिओ
फेज डिटेक्शन, म्हणजे तळाच्या सेन्सरने फोकस ठरवणं, दर वेळी थोडं इकडेतिकडे होतंच. म्हणून तर दहा काढायला सांगितले. एकच काढला असता आणि नेमका तो आला असता तर तुम्ही दुकानदाराचं ऐकलं असतं.

आता खरी परीक्षा. दीड मीटरवर एफ १.८ ला तुमच्या सेन्सरवर शार्प पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा, निम्मा पुढे निम्मा मागे. बहिणीला परत नथ घालून बसवा आणि त्या अंतरावर बघा. अडीच मीटरवर जुळलेला आकडा जवळ तंतोतंत जुळेलच असं नाही. जिथे जास्त फोटो काढता तिथला धरा. आणि तो आकडा बॉडीत राहतो. लेन्स मित्राच्या कॅमेऱ्याला लावली तर तिथे नव्याने कालनिर्णय.

साताऱ्याचा_नवखा
बहीण सासरी गेली. मामीला नथ घालून बसवलंय, अल्बमच्या बोलीवर. दहांत आठ डोळे शार्प.