शब्दचर्चा : पेशी, मांसपेशी आणि स्नायू

आमच्या गल्लीतल्या जिमवर पाटी लागलीय : 'मांसपेशी बळकट करा'. आठवीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, मेंदूच्या, रक्ताच्या, हाडाच्याही पेशी असतात ना? मग मांसाच्याच का बळकट करायच्या?" पाटी हिंदीवरून उचललेली, एवढं मला कळलं. हिंदीत मसल म्हणजे मांसपेशी आणि सेल म्हणजे कोशिका. आपल्याकडे सेल म्हणजे पेशी, मसल म्हणजे स्नायू. पण मूळ अर्थ कोणी सोडला, त्यांनी की आपण?

— आपण! आणि एक नव्हे, दोन्ही शब्दांचा. सुश्रुतसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आज आपण स्नायू म्हणतो तो. आणि स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारी बंधनं. उपमा नावेची आहे : फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसं स्नायूंनी सांधे बांधलेलं शरीर. आता आपल्या पुस्तकांत 'स्नायूपेशी' म्हणजे मसलचा एक सेल. जुन्या वैद्यबुवांना हा शब्द दाखवला तर ते विचारतील, दोरी की गोळा, एक काय ते ठरवा.

— वैद्यांची बाजू मान्य, पण 'सेल' तरी कुठे जागेवर राहिला? रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला. त्यात दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती, आत काही नाही. म्हणून खोल्या, कप्पे अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे त्या रिकाम्या खोलीत केंद्रक सापडलं, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) सापडल्या, नाव मात्र खोलीचंच. त्या हिशेबाने हिंदीची कोशिका हूकच्या जास्त जवळची. आपल्या 'पेशी'त निदान जिवंतपणा आहे.

— दादा, मी लॅबमध्ये काम करते, माझी अडचण वेगळीच. डेंग्यूच्या दिवसांत रोज फोन येतो, "मॅडम, पेशी वीस हजारांवर आल्यात, घाबरायचं का?" कुठल्या पेशी? पांढऱ्या असतील तर वाढल्या, कारण त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. प्लेटलेट असतील तर फारच घसरल्या, त्या दीड ते साडेचार लाख हव्यात. (सगळे आकडे एका मायक्रोलीटर रक्तातले.) आणि खरं तर प्लेटलेट ही अख्खी पेशी नव्हेच. अस्थिमज्जेतल्या एका प्रचंड पेशीचे ते तुकडे. पण फोनवर हे कोण ऐकतंय? 'रक्तपट्टिका' म्हटलं तर पलीकडचा माणूस गप्पच होतो. मी आता सरळ 'प्लेटलेट' म्हणते.

— ताई, बरोबर करता. शब्द रुजला तर ठेवावा, नाही तर उसना घ्यावा. प्रथिन रुजला, कारण तो कानालाही प्रोटीनसारखा लागतो आणि 'प्रथम'शी नातं सांगतो. ग्रीक मुळाचा अर्थही 'पहिल्या मानाचं' असाच. १८३८ साली हे नाव रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने सुचवलं आणि मुल्डर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने छापलं. कर्बोदकही सुरेख, म्हणजे कर्ब आणि उदक. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६ अणू, हायड्रोजनचे १२, ऑक्सिजनचे ६ : जणू सहा कर्बांना सहा पाणी. डीएनएतली साखर मात्र हा हिशेब मोडते, तिच्यात एक ऑक्सिजन कमी पडतो. 'डीऑक्सी' ते त्यामुळेच.

— आणि ऊती विसरू नका! 'विणणे' या अर्थाच्या धातूवरून आलेला शब्द, टिश्यूचं मूळही विणकामातच. असे शब्द घडवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. एन्झाइमसाठीचा विकर मात्र मला कधीच पटला नाही, विकाराचा भाऊ वाटतो.

— मूळ प्रश्न विचारणारा मीच. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याची पुढची शंका : स्नायू मसलला देऊन टाकला, मग सांधे बांधणाऱ्या त्या दोऱ्यांना आता काय म्हणायचं?

— पुस्तकात अस्थिबंध. क्रिकेट खेळताना गुडघा मुरगळला की लिगामेंट.