प्रतिसाद: एवढे टर्फ असून आपल्या मुली मागे का?
वर म्हटलंय की ठाण्यात, घोडबंदरला, खारघरला एवढे टर्फ (जाळी लावलेली कृत्रिम गवताची छोटी मैदानं) झालेत तरी महिला फुटसालच्या (म्हणजे पाच-पाच जणींच्या इनडोअर फुटबॉलच्या) आशियाई कपात आपण नाही, पण टर्फवरच्या सरावाने हे जमणार नाही असं मला मनापासून वाटतं. टर्फवर बॉल जाळीला लागून परत येतो आणि खेळ चालूच राहतो, फुटसालमध्ये तो रेषेबाहेर गेला की गेला, शिवाय कोर्ट कडक, बॉल चार नंबरचा आणि कमी उसळणारा, त्यामुळे पायाच्या तळव्याने बॉल थांबवून लगेच पास द्यायची सवय लागते. माझी भाची वाशीत फुटबॉल खेळते, तिला पहिल्यांदा लाकडी फ्लोअरवर खेळवलं तेव्हा पहिला टचच सुटत होता बिचारीचा, आणि असा इनडोअर हॉल मुलींना तासाभरासाठी मिळवणं म्हणजे बॅडमिंटनवाल्यांच्या हातापाया पडणं.

आणि आपण अगदीच नाही असंही नाही हं, २०२५ च्या कपासाठी भारताच्या मुली पात्रता फेरी खेळल्या, इंडोनेशियात. इराणने २०१५ आणि २०१८ दोन्ही वेळा जपानला फायनलमध्ये हरवलं, तरी जपान खेळत राहिला आणि २०२५ ला चीनमध्ये थायलंडला पेनल्टीवर हरवून कप घेतला. आपल्याकडे निदान महापालिकेच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवा ना.