बेसमेंटचं वायरिंग: इन्स्पेक्शनच्या आधी ड्रायवॉल लावणं चूकच आहे

एडिसनकर
आमच्या इकडे न्यू जर्सीत सध्या जो तो बेसमेंट फिनिश करतोय. परवा एका मित्राकडे गेलो तर फ्रेमिंग (भिंतीचा लाकडी सांगाडा) झालेलं, पिवळी रोमेक्स (प्लॅस्टिकच्या आवरणातली घरगुती वायरिंगची केबल) ओढून झालेली आणि शनिवारी ड्रायवॉलवाले, म्हणजे सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकणारे, येणार. परमिट काढलं का विचारलं तर म्हणे कशाला, घराचा टॅक्स वाढतो. माझं मत स्पष्ट आहे, वायरिंग स्वतः करा नाहीतर लायसन्सवाल्याला द्या, पण रफ इन्स्पेक्शन (भिंत उघडी असतानाच होणारी वायरिंगची तपासणी) झाल्याशिवाय भिंत बंद करू नका. स्वतः राहतो त्या सिंगल फॅमिली घराचं काम इथे मालकाला परमिट काढून करता येतं, मग लपवायचं कशाला?

त्याच्याकडे जे दिसलं ते सांगतो. केबल स्टडमधून (सांगाड्याच्या उभ्या लाकडातून) नेताना भोकाची कड स्टडच्या कडेपासून किमान सव्वा इंच आत पाहिजे, नसेल तर तिथे १/१६ इंच जाडीची लोखंडी प्लेट ठोकायची. अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलमधून १ ५/८ इंचाचा स्क्रू मारला की तो लाकडात १ १/८ इंच शिरतो, म्हणजे सव्वा इंचावर केबल असेल तर जेमतेम वाचते. याने काँक्रीटच्या भिंतीवर दोन बाय दोनच्या पट्ट्या मारल्यात, त्या प्रत्यक्षात दीडच इंच असतात, त्यात मधोमध भोक पाडलं तर सव्वा इंच येणार कुठून? आणि प्लेट एकही नाही.

इंजिनिअर_बाबा
एवढं घाबरवू नका हो लोकांना. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, माझं बेसमेंट मीच केलं, परमिट न काढता. हे काही रॉकेट सायन्स नाही, पांढरी केबल १४ गेज (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तशी तार जाड) १५ अँपला, पिवळी १२ गेज २० ला, नारिंगी १० गेज ३० ला, ब्रेकर तसा लावला की झालं. इन्स्पेक्टर येणार, पाच मिनिटं टॉर्च मारणार, स्टिकर लावून जाणार, आणि त्यासाठी आपण सुट्टी टाकून घरी बसायचं. टॅक्स वाढतो तो वेगळाच. आणि काही झालंच तर ब्रेकर पडतो ना.

एडिसनकर
बाबा, ब्रेकरचंच तर सांगतोय. स्क्रूने तार अर्धवट चिरली तर शॉर्ट होत नाही, आत बारीक बारीक ठिणग्या पडत राहतात, लाकूड तापत राहतं आणि २० अँपच्या साध्या ब्रेकरला पत्ताच नसतो, कारण करंट वाढलेलाच नाही. म्हणूनच फॅमिली रूमला एएफसीआय, म्हणजे अशा ठिणग्या ओळखून पडणारा ब्रेकर, मागतात. तुमच्याकडे लावलाय का?

तारकरी
मी लायसन्सवाल्यांबरोबर काम करतो, त्यामुळे माझं दोघांशीही पटत नाही. बाबा, गेज बघून ब्रेकर लावला म्हणजे झालं असं नसतं. पॅनेलपाशी लोक एकाच भोकातून पाच-पाच पिवळ्या केबल कोंबतात आणि वरून फोम मारतात. एनएम-बीच्या (म्हणजे याच रोमेक्सच्या) आतल्या तारांना ९० डिग्रीचं इन्शुलेशन असतं, तिथून हिशोब धरला तर १२ गेजला ३० अँप. पण पाच केबलमध्ये करंट वाहणाऱ्या प्रत्येकी दोन म्हणजे दहा तारा झाल्या, उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तिथे कोड (वायरिंगची नियमावली) निम्मं करायला सांगतो. राहिले १५, आणि ब्रेकर २० चा!

दुसरं म्हणजे स्टेपल. बॉक्सपासून (स्विच-आउटलेटच्या डब्यापासून) १२ इंचात एक, आतमध्ये क्लॅम्प नसलेला सिंगल प्लॅस्टिक बॉक्स असेल तर ८ इंचात, पुढे दर साडेचार फुटांवर. लोक हातोडा हाणून हाणून स्टेपल एवढा घट्ट बसवतात की केबल चपटी होते, वरचं आवरण फाटलेलं दिसतसुद्धा नाही. स्टेपल नुसता टेकला पाहिजे. आणि चपटी केबल उभी धरून तर स्टेपल मारूच नये.

एडिसनकर, तुमच्याशी मतभेद इथे आहे की मालकाला हे काम करू देणंच मला पटत नाही. इन्स्पेक्टरला जे दिसतं तेवढंच तो बघतो, हात कसा फिरलाय ते त्याला प्रत्येक जॉइंटला कळत नाही.

शिकागोची_मावशी
अहो पण मुळात रोमेक्सच कशाला? शिकागोत घरातसुद्धा ती चालत नाही, धातूच्या पाइपातूनच तारा न्याव्या लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रातसुद्धा भिंतीत पाइप टाकूनच वायर ओढतात ना, उद्या नवीन सर्किट हवं तर त्याच पाइपातून ओढता येतं. लाकडाच्या घरात प्लॅस्टिकचं आवरण आणि वर जिप्समचा बोर्ड, माझ्या मनाला ते कधी पटलंच नाही.

इंजिनिअर_बाबा
मावशी, पाइप चांगलाच, पण खर्च आणि मजुरी बघा की. देशभर लाखो घरं रोमेक्सवर नीट चालतात. कोरड्या जागी, भिंतीच्या आत, ठोकरा बसणार नाहीत अशी नेली तर काही होत नाही. बाहेर मात्र नको. डेकच्या लाइटसाठी लोक ती पाइपात घालून अंगणातून नेतात, ते चूक आहे हे मीही मान्य करतो, बाहेरच्या पाइपात आतून पाणी साठतंच.

सोनल_एनजे
आमच्या घराचं बेसमेंट आधीच्या मालकाने केलेलं, परमिट नाही हे नंतर टाउनशिपमधून कळलं. आता विकायचं तर वकील अडून बसलेत. काय करावं?

एडिसनकर
सोनलताई, आधी टाउनशिपच्या बांधकाम ऑफिसात जाऊन परमिट लावून घ्या. लायसन्सवाल्याला बोलवा, तो बॉक्स उघडून बघेल की आवरण निदान पाव इंच आत आलंय का, तार ६ इंच मोकळी आहे का, बॉक्समध्ये गर्दी किती आहे. १२ गेजच्या प्रत्येक तारेला सव्वादोन घन इंच जागा लागते. आउटलेटला जीएफसीआय (करंट गळला की लगेच वीज तोडणारं संरक्षण) आहे का तेही विचारा. ड्रायवॉल थोडी फोडावी लागेल हे धरूनच चला. बाबा म्हणतात तो वाचवलेला टॅक्स शेवटी असा पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो, माझा राग त्यावरच आहे.

इंजिनिअर_बाबा
सोनलताईंना झालेला त्रास खराच आहे, ते नाकारत नाही. पण मग टाउनशिपनेही इन्स्पेक्शन संध्याकाळी किंवा शनिवारी ठेवावं. नोकरी करणाऱ्या माणसाने दोन-दोन सुट्ट्या कुठून आणायच्या? परमिटवरचं माझं मत तेच आहे. एएफसीआय मात्र या वीकेंडला लावतो.

तारकरी
लावा, पण न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी कुठे जोडलेली नाही ना ते आधी बघा, नाहीतर ब्रेकर सारखा पडेल आणि तुम्ही तो काढून पुन्हा जुनाच लावाल.